दोन छाप्यांचं नाणं

जुन्या नाण्यांच्या दुकानात खिडकीलगत एक टेबल आहे. त्या टेबलाशी गुरुवारी आणि शनिवारी, अकरा ते चार, एक बाई बसते. वय अडुसष्ट, चष्मा कायम कपाळावर, कारण डोळ्यांपेक्षा तिचा नखावर भरवसा जास्त. मालक तिला ताई म्हणतो, गिऱ्हाइकं ताई म्हणतात. शेजारचा कुलपं दुरुस्त करणारा म्हातारा तिच्याहून चांगला दहा वर्षांनी मोठा, पण तोही ताईच म्हणतो. मग आपण तरी वेगळं काय म्हणणार?

ताईचं काम म्हणजे लोकांच्या आनंदावर विरजण घालणं. हे तिचेच शब्द. कुणाला तरी आजोबांच्या पेटीत नाहीतर सुट्ट्या पैशांत एखादं नाणं सापडतं, दोन्ही बाजूंना छापा, काटा नावालाही नाही. झालं! माणूस हवेत. टांकसाळीत चूक झाली, जगात असं एकच नाणं असणार आणि ते नेमकं आपल्या नशिबात! मग इस्त्रीचा शर्ट घालून, नाणं रुमालात, रुमाल पिशवीत आणि पिशवी पोटाशी धरून तो दुकानात येतो. ताई नाणं घेते, कडेच्या आतल्या बाजूनं अंगठ्याचं नख फिरवते, टेबलावरच्या दगडी फरशीवर ते टाकते, कान देते आणि म्हणते, "जादूवाल्याचं आहे हो."

परवा एक निवृत्त मास्तर आले होते. त्यांना काही केल्या पटेना.

"अहो, पण दोन्ही बाजू खऱ्या आहेत! मी भिंगातून बघितलंय."

"खऱ्याच आहेत मास्तर. पण दोन वेगवेगळ्या नाण्यांच्या. एक नाणं लेथवर आतून कोरायचं, म्हणजे चेहरा आणि कड एवढंच उरतं, वाटीसारखं. दुसरं घासून घासून त्याची चकती करायची, त्या वाटीत बरोबर बसेल एवढी. मग दाबून बसवायची. सांधा येतो कडेच्या आत. तिथं डोळा पोचत नाही, नख पोचतं. फिरवा बघू."

मास्तरांनी नख फिरवलं. अडकलं.

"आणि वाजलं कसं ऐकलंत ना? खरं नाणं खणखणतं. हे बद्द वाजलं."

मास्तरांचा चेहरा बघवेना. "म्हणजे याचा काहीच उपयोग नाही?"

"नाही कसा! नातवंडांशी पैज लावा. छापा म्हणा आणि उडवा, जन्मात हरणार नाही."

मास्तर हसत हसत गेले. ताईला तेवढं जमतं. विरजण घालते, पण वर चमचाभर साखरही घालते.

आता हे सगळं तिला कुणी शिकवलं म्हणाल, तर ही नाणी तिच्या घरातच जन्माला आली. तिचे बाबा जादूगारांना लागणाऱ्या वस्तू बनवायचे. घराची पुढची खोली म्हणजे त्यांचा कारखाना. पायानं चालवायचा लेथ, एक शेगडी, भिंतीवर कानशींची रांग. दोन्हीकडे छापा असलेलं नाणं, दुसऱ्या नाण्यावर टोपीसारखं चढणारं पोकळ नाणं, तीन तुकडे करून आत रबर घातलेलं, घडी होऊन बाटलीत शिरणारं नाणं, सगळं तिथं व्हायचं. शाळा सुटली की दप्तर फेकून पोरगी लेथपाशी हजर. तेलाचा वास, तापलेल्या धातूचा वास, चपलेखाली कुरकुरणारा चुरा! आजही कुठून लेथच्या तेलाचा वास आला की ताई बोलता बोलता थांबते, भर रस्त्यात असली तरी. बारीकात बारीक तुकडा तिच्या बोटांत बरोबर धरला जायचा, म्हणून बाबांनी तिचं नाव ठेवलं चिमटी. धाकटा भाऊ येताजाता कशावर ना कशावर आपटायचा, हातात दिलेली वस्तू हमखास पाडायचा. तो ठोकळा.

जादूगार यायचे. लोकांसमोर ते काय रुबाबात वावरत असतील ते असोत, इथं येताना मात्र खाली मान घालून, हळू आवाजात, डॉक्टरकडे आल्यासारखे यायचे. त्यातला एक ताडमाड उंच. तो दरवेळी चौकटीला डोकं आपटून घ्यायचा आणि दरवेळी म्हणायचा, "हे दार मागच्या खेपेला इथं नव्हतं." प्रत्येकाची एक खूण ठरलेली होती. उंच जादूगाराची टोपी, दुसऱ्या एकाची मिशी, तिसऱ्याची मासोळी. चकती बसवण्याआधी बाबा नाण्याच्या पोटात सुईनं ती खूण कोरायचे आणि खाली तारीख. नाणं दुरुस्तीला परत आलं तर कुणाचं ते कळावं म्हणून.

"पण बाबा, एरवी आत कोण बघणार आहे?" चिमटीनं एकदा विचारलं होतं.

"मी बघितलंय ना," बाबा म्हणाले. "ज्याच्यासाठी केली त्याची खूण वस्तूवर असावी. बाहेर काढता येत नाही, म्हणून आत काढायची."

एवढं सगळं करणाऱ्या बाबांना जादू मात्र शून्य यायची. हातचलाखी त्यांच्या जाड बोटांना कधी जमलीच नाही. एकदा पोरांच्या हट्टाखातर त्यांनी बाहीत नाणं लपवलं, फुंकर मारली, हात झटकला, आणि नाणं थेट दुधाच्या पातेल्यात. आई शांतपणे म्हणाली, "आता दूध गायब करून दाखवा." ते नाणं काढताना बाबा इतके हसले की पातेलंच कलंडलं.

घरात पोरांचं भांडण झालं की निकाल नाण्यावर. शेवटचं बिस्किट कुणाचं, खिडकीपाशी कोण बसणार, उडवा नाणं! चिमटी नेहमी छापा म्हणायची. काही झालं तरी छापाच. ठोकळ्याच्या वाट्याला आपोआप काटा यायचा आणि त्यावरून त्याची वेगळी कुरकुर.

चिमटी सोळा वर्षांची होती, ठोकळा पंधराचा व्हायचा होता, तेव्हा मोठ्या शहरातून मामाचं पत्र आलं. एका पोराला माझ्याकडे पाठवा, पुढचं शिक्षण मी करतो, पण एकाचंच जमेल. दोघांनाही जायचं होतं. चिमटी गणितात वर्गात पहिली. तिला धातूंचं शास्त्र शिकायचं होतं. तापवून पाण्यात बुडवलं की पितळ नरम का होतं आणि पोलाद कडक का होतं, असले प्रश्न विचारून तिनं शाळेतल्या मास्तरांना जेरीला आणलं होतं. तिथल्या कॉलेजचं माहितीपत्रक तिनं पत्र टाकून मागवलं होतं आणि उशीखाली ठेवलं होतं.

आईचं ठरलेलं होतं. "मुलगा जाईल. यात विचारायचं काय?"

आईपुढे बाबांचं काही चालत नाही, हे घरातल्या मांजरालाही ठाऊक होतं. पण त्या वेळी बाबा म्हणाले, "नाणं उडवू. जे पडेल ते पोरांनी मान्य करायचं, आणि तूही." आई नको म्हणायला गेली, पण आजवर सगळे निकाल नाण्यावर लागलेले, त्यामुळे तिलाही हो म्हणावंच लागलं.

रविवारची सकाळ होती. बाबांनी खिशातून एक मोठं जुनं नाणं काढलं. "हं, बोला."

"छापा!" चिमटीनं तोंड उघडायच्या आत ठोकळा ओरडला. "दरवेळी ताईच छापा घेते. आज मी घेणार."

बाबांनी नाणं मुठीत मिटलं. मग म्हणाले, "छापा ताईचा असतो."

"आज मला द्या ना," तो म्हणाला आणि रडायलाच लागला. एवढा घोडा झालेला, मिसरूड फुटायला लागलेलं, आणि हुंदके देऊन रडत होता. चिमटीला त्याची दया आली. छापा काय नि काटा काय, हिशेब सारखाच. एवढं तरी तिला कळत होतं.

"घेऊ दे त्याला," ती म्हणाली. "मी काटा."

"नक्की? चिमटे, विचार कर."

"नक्की, बाबा."

"बघ हं, पुन्हा एकदा विचारतो."

"अहो, उडवा की आता," आई म्हणाली. "चुलीवर दूध आहे."

बाबांचा हात तसाच राहिला. उडवीनात आणि खालीही घेईनात. चिमटीला वाटलं, बाबा मनातल्या मनात ठोकळ्यासाठी देवाला हात जोडतायत, आणि तिला जरा वाईटच वाटलं. मग एकदाचं नाणं उडालं, बाबांच्या मनगटावर पडलं. छापा. चेहऱ्याच्या कानाजवळ एक बारीक खोक होती, ती दोघांनीही बघितली. बाबांनी नाणं लगेच खिशात टाकलं, आणि पोट बिघडलंय म्हणून त्या दिवशी जेवले नाहीत.

ठोकळा गेला. शिकला, मोठा इंजिनीअर झाला, नद्यांवर पूल बांधले. चिमटी राहिली. दुसऱ्याच दिवशी बाबांनी तिला लेथवर बसवलं आणि हातचं काही राखून न ठेवता शिकवायला घेतलं. इतकं की आई म्हणायची, अहो, पोरीला जरा श्वास घेऊ द्या. पुढे जादूगार म्हणायला लागले, पोरीचा हात बापाहून सरस. लग्न तिनं केलं नाही. का केलं नाही असं कुणी विचारलं, तर ती त्याचाच संसार कसा चाललाय ते विचारते, मग तो विषय बदलतो. आई गेली. हळूहळू जादूगार कमी झाले. बाबा शेवटची दोन वर्षं ठोकळ्याकडे होते, कारण तिथं दवाखाना घराला लागून. तिथंच गेले, त्यालाही आता वीस वर्षं झाली. मग लेथवर चादर पडली आणि ताई या टेबलाशी आली.

ती दुःखात होती का? छे! कामावर तिचा जीव होता. फक्त एक गोष्ट होती. घराकडे जाताना वाटेत एक कॉलेज लागतं, आणि ते सुटायच्या वेळी ती पलीकडच्या गल्लीनं जायची. कुणी जुनं काही काढलंच तर म्हणायची, "नाणं उडवलं, मी हरले. त्यात कुणाचा दोष?" या एका वाक्यावर तिनं बावन्न वर्षं काढली. जगातल्या प्रत्येक नाण्याकडे तिनं संशयानं बघितलं, ते एक सोडून.

त्या शनिवारी दुकानात गर्दी होती. ताई मान खाली घालून एकेक नाणं निकालात काढत होती. पुढचं नाणं टेबलावर आलं. मोठं, जुनं. तिनं कडेच्या आत नख फिरवलं. अडकलं नाही. फरशीवर टाकलं, तर जवळजवळ खऱ्यासारखं खणखणलं. पण तो "जवळजवळ" तिच्या कानानं पकडला. तिनं नख उलट्या दिशेनं फिरवलं आणि ते किंचित अडकलं.

सरळ फिरवलं तर लागत नाही आणि उलट फिरवलं तरच लागतो, असा सांधा एकच माणूस करायचा. तिनं कपाळावरचा चष्मा खाली ओढला. चेहऱ्याच्या कानाजवळ खोक होती. तिनं नाणं पालटलं. दुसऱ्या बाजूलाही छापा.

ताईनं वर बघितलं. समोर तिचा भाऊ उभा होता. न कळवता आला होता, केस विस्कटलेले, आणि वयाच्या सत्तरीकडे झुकलेला तो माणूस पुन्हा रडायच्या बेतात होता.

"घर बदलतोय आम्ही," तो म्हणाला. "माळ्यावर बाबांची ट्रंक होती. तिच्यातल्या चष्म्याच्या घरात हे सापडलं, फडक्यात गुंडाळलेलं. ताई, मी छापा म्हणालो होतो गं. बाबांनी मला जिंकवलं. तुझ्या जागेवर मी शिकलो, पूल बांधले, हारतुरे घेतले, आणि सगळं या खोट्या नाण्यावर! पंधरा दिवस झाले, घास उतरत नाही घशाखाली."

ताईनं नाणं रुमालात बांधलं. तिनं टेबलाचा खण लावला, मालकाला "आज लवकर जाते" म्हणाली आणि भावाला घेऊन घरी निघाली. कॉलेज सुटायची वेळ होती. पण आज ती गल्लीनं गेली नाही. पोरांच्या घोळक्यातून तरातरा चालत गेली.

घरात शिरल्यावर मात्र तिचा बांध फुटला.

"बाबांनी सांगितलं होतं तुला? छापा म्हण म्हणून?"

"शपथ घेतो ताई. मला काहीसुद्धा माहीत नव्हतं."

"मग नेमकं त्याच दिवशी बरा ओरडलास! जन्मात कधी छापा म्हणाला नाहीस तो!"

"मला कसंही करून जिंकायचं होतं. तू नेहमी छापा म्हणायचीस आणि मला वाटायचं, तूच जिंकतेस. एवढंच."

"खोटं! आईला मुलगा पाठवायचा होता. भांडण नको म्हणून बाबांनी हे नाटक रचलं. आणि मी वेडी! आयुष्यभर लोकांना शिकवते, नाण्यावर विश्वास ठेवू नका म्हणून. मला बाबांनी फसवलं रे. बाबांनी!"

ठोकळा भिंतीला टेकून खाली बसला. ताई खोलीत येरझारा घालत राहिली. मग एकदम थांबली.

"आत खूण असेल," ती म्हणाली. "बाबांनी खुणेशिवाय एकही नाणं बंद केलं नाही. ज्याच्यासाठी बनवलं त्याची खूण. आत चौकोन निघाला, म्हणजे ठोकळा, तर ते तुझ्यासाठी होतं, आणि तुम्ही दोघांनी मिळून मला फसवलं. मग तू या घरातून जा आणि पुन्हा येऊ नकोस."

"आणि दुसरं काही निघालं तर?"

"आधी बघू तर दे!"

तिनं लेथवरची चादर ओढून काढली, खालच्या फळीवरचा लाकडाचा जाड तुकडा घेतला आणि स्वयंपाकघरात गेली. गॅस पेटवला. सांडशीत नाणं धरून वाटीची बाजू आचेवर धरली. हळूहळू, मध्येमध्ये काढून. बाहेरची कड तापून जरा पसरली की चकती सुटते, हे बाबांनीच शिकवलं होतं. तिनं दुसऱ्या हातानं मनगट धरलं. मग नाणं लाकडावर उपडं आपटलं. एकदा, दोनदा. तिसऱ्यांदा चकती टिणकन खाली पडली.

वाटीच्या पोटात सुईनं कोरलेलं होतं. तारीख, त्या रविवारच्या आदल्या दिवशीची. आणि तिच्या वर दोन तिरक्या रेघा, एका टोकाला जुळलेल्या. चिमटा.

ताई खुर्चीवर बसली. "अरे, हे माझं आहे," ती म्हणाली. "माझ्यासाठी केलं होतं."

ठोकळ्याला समजायला वेळ लागला. तो पुलांचा इंजिनीअर, पण अशा बाबतीत पहिल्यापासून मठ्ठ. ताईनंच सांगितलं, रडत रडत, मध्येच हसत.

"मी नेहमी छापा म्हणायचे. बाबांना खात्री होती. आईला तोंडावर नाही म्हणता येत नव्हतं, म्हणून असं नाणं केलं की मीच जिंकणार आणि कुणाला बोलायला जागा उरणार नाही. आणि तू मध्येच ओरडलास! आणि मी शहाणी, तुला छापा देऊन बसले! तीनतीनदा विचारत होते रे ते मला. हात अडकला होता त्यांचा. दुसरा कुणी असता तर हातचलाखीनं कधीच नाणं बदलून मोकळा झाला असता. आपल्या बाबांना कुठं यायचं ते? त्यांचं नाणं दुधात पडायचं."

"मग ते बोलले का नाहीत? नंतर तरी?"

"काय बोलणार? 'चिमटे, माझ्या हातून तुझं शिक्षण गेलं' असं मला सांगणार? तू तिकडे शिकत असताना?" तिनं पदरानं चष्मा पुसला. "म्हणून मला लेथवर बसवलं. म्हणून हातचं काही राखलं नाही. मला वाटायचं, कामाला हक्काचं माणूस मिळालं म्हणून खूश आहेत. पन्नास वर्षं मी त्यांना ओळखलंच नाही. ठोकळ्या, या सगळ्यात फसवणूक झाली ती बाबांची. आणि ती आपण दोघांनी केली."

गॅस चालूच होता. ठोकळ्यानं उठून तो बंद केला आणि येताना टेबलाच्या कोपऱ्यावर मांडी आपटून घेतली. ताईला इतकं हसू आलं की तिला खोकला लागला.

मग ती उठली. वाटी पुसली, चिमट्यावरून एकदा बोट फिरवलं, वाटी पुन्हा जराशी तापवली आणि चकती जागेवर ठेवून लाकडाखाली घट्ट दाबली. नख सरळ फिरवून बघितलं. अडकलं नाही. तिचाही हात बापाचाच होता.

नाणं गार झाल्यावर तिनं ते भावाच्या तळहातावर ठेवलं.

"उडव," ती म्हणाली.

"आता?"

"आता. आणि या वेळी मध्ये तोंड घालू नकोस."

ठोकळ्यानं नाणं अंगठ्यावर धरलं. त्याचा हात तसाच थोडा वेळ राहिला, बाबांचा राहिला होता तसा. "हं, बोल," तो म्हणाला.

"छापा!" ताई म्हणाली, पुढच्या खोलीत लेथपर्यंत ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं.